पीटेनची रॅबिट अँटीबॉडी: बँड कधी येतो, कधी येईना, मग काय काय तपासायचं

मे महिना लागला की वेस्टर्न ब्लॉटचा हा प्रश्न ठरलेला. संभाजीनगर, नांदेड, लातूर, कुठल्या ना कुठल्या लॅबमधून पोरं-पोरी फोन करतात आणि गाऱ्हाणं तेच असतं, "ताई, अँटीबॉडी मेली वाटतं, दिवाळीनंतर केलं तेव्हा ५४ ला मस्त बँड होता, आता मेंब्रेन कोरंच निघू लागलंय." लगेच दुसरी व्हायल मागवायची तयारी सुरू होते, त्याला इंडेंट, कोटेशन, मंजुरी, कुरिअर असं करत करत महिना-दीड महिना जातो, आणि एवढं करून नवीन व्हायल आली तरी बँड येईना तो येईनाच. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. माझं म्हणणं असंय की आपल्याकडच्या उन्हाळ्यात प्रायमरी अँटीबॉडी सगळ्यात शेवटी मरते. तिच्या आधी बाकीच्या स्वस्तातल्या गोष्टी मरतात, आणि आपण आळ मात्र पहिला तिच्यावर घेतो कारण तीच सगळ्यात महाग असते.

नवीन असाल तर थोडक्यात सांगते. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे प्रोटीन जेलवर वजनानं वेगळी करायची, मेंब्रेनवर उतरवायची (ट्रान्सफर), मेंब्रेनची रिकामी जागा दुधासारख्या प्रोटीननं बुजवायची (ब्लॉकिंग), मग प्रायमरी अँटीबॉडी हवं ते प्रोटीन धरते, सेकंडरी अँटीबॉडी त्या प्रायमरीला धरते, आणि सेकंडरीला जोडलेलं एचआरपी हे एन्झाइम ईसीएल नावाच्या द्रावणातून उजेड पाडतं, तोच बँड. पीटेन हे माणसाच्या पेशीतलं फॉस्फेटेज, ४०३ अमिनो ॲसिडचं, जीन १० नंबरच्या क्रोमोसोमवर, १९९७ साली सापडलं. पेशीच्या पडद्यातल्या पीआयपी३ या लिपिडवरचा तिसऱ्या जागेवरचा फॉस्फेट काढून त्याचं पीआयपी२ करणं हे त्याचं मुख्य काम, त्यामुळं एकेटीचा (पेशींना वाढायला लावणारा) मार्ग आवाक्यात राहतो, आणि बऱ्याच कॅन्सरमधे हे जीन हरवलेलं किंवा बिघडलेलं असतं म्हणून तर एवढ्या जणांना ते बघायचं असतं. हिशोबानं वजन ४७ किलोडाल्टन भरतं पण जेलवर ५४ च्या आसपास धावतं, तेव्हा ४७ ला शोधत बसू नका. बहुतेक लॅबमधे सी-टर्मिनलजवळच्या पेप्टाइडवर बनवलेली रॅबिट मोनोक्लोनल असते, १३८जी६ हा क्लोन लई जण वापरतात, वेस्टर्नला १:१००० नी.

आता बँड येईना झाला की लगेच परत जेल टाकू नका. जेल, ट्रान्सफर, ब्लॉकिंग, रात्रभर प्रायमरी हे सगळं परत करायचं म्हणजे दोन दिवस जातात आणि शेवटी परत कोरं मेंब्रेन हातात, कशामुळं ते कळतच नाही. उलट्या बाजूनं तपासत यायचं, म्हणजे शेवटच्या पायरीपासून सुरुवात. ईसीएलच्या दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं एका छोट्या ट्यूबमधे मिसळा, डार्क रूममधे जा, डोळे अंधाराला सरावू द्या, आणि एचआरपीवाल्या सेकंडरीचा अगदी थोडा थेंब त्यात टाका. चांगलं असेल तर निळसर उजेड नुसत्या डोळ्यांनी दिसतो. नाही दिसला तर ईसीएल तरी गेलंय नाहीतर सेकंडरी तरी, प्रायमरीचा इथं संबंधच येत नाही. दुसऱ्या लॅबमधून ईसीएल मागून आणा, परत तेच करा, कोण दोषी ते पाच मिनिटांत कळतं. ईसीएलमधे एका बाटलीत पेरॉक्साइड असतं, दुसरीत ल्युमिनॉल, आणि एकच टिप दोन्ही बाटल्यांत बुडवायची सवय ज्या लॅबमधे आहे तिथं ते लवकर खराब होतं. बाटली टेबलावर ऊन येतं तिथं राहिली तरी तेच.

उजेड दिसला तर पुढची पायरी. नायट्रोसेल्युलोजचा बोटाएवढा तुकडा घ्या, त्यावर प्रायमरीचेच थेंब द्या, १:१०० पासून खाली चार-पाच डायल्यूशनचे, वाळू द्या, ब्लॉक करा, थेट सेकंडरी, धुवा, ईसीएल. थेंब उजळले म्हणजे सेकंडरी रॅबिटला धरतेय आणि शेवटची साखळी शाबूत आहे. एवढ्यावरून प्रायमरी पीटेनला धरते का हे कळत नाही, ते जेलवरच कळणार, पण निम्मा प्रश्न सुटलेला असतो आणि खर्च जवळपास शून्य. आणि हो, हे करताना व्हायलवर सेकंडरी कशाविरुद्ध आहे ते डोळ्यांनी वाचून घ्या, अँटी-रॅबिट की अँटी-माऊस. दोन सारख्या दिसणाऱ्या व्हायल एकाच डब्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात.

सोडियम ॲझाइडबद्दल वेगळं सांगते कारण हे सारखं होतं. डायल्यूट केलेली प्रायमरी परत वापरायची म्हणून लोक त्यात ॲझाइड टाकतात, त्याला हरकत नाही, नंतर टीबीएसटीनं (ट्वीन घातलेला ट्रिस-मिठाचा बफर) नीट धुतलं की झालं. पण तीच सवय सेकंडरीला लावली की संपलं, ॲझाइड एचआरपीला बंद पाडतं. सेकंडरी रोजच्या रोज ताजी करायची आणि काम झालं की टाकून द्यायची, ती वाचवण्यात फायदा नाही. एपीवाली, म्हणजे एचआरपीऐवजी अल्कलाइन फॉस्फेटेज जोडलेली, सेकंडरी वापरत असाल तर गोष्ट वेगळी, तिला ॲझाइडचा तेवढा त्रास नाही पण फॉस्फेटचा आहे. अल्कलाइन फॉस्फेटेजला मोकळा फॉस्फेट अडवतो, म्हणून पीबीएसमधे (फॉस्फेटच्या बफरमधे) धुऊन कलर येत नाही म्हणणाऱ्यांनी आधी टीबीएसवर (ट्रिसच्या बफरवर) या.

कधी कधी बँड नसतो असं नाही, उलट जास्तच असतो. सेकंडरी फार घट्ट वापरली की बँडच्या जागचं ईसीएल क्षणात संपून जातं आणि फोटोत काळ्या बँडऐवजी पांढरा डाग दिसतो, भोवती धुरकट. अशावेळी लोक अँटीबॉडी आणखी वाढवतात, करायचं उलटं असतं. सेकंडरी कमी करा, १:५००० वरून १:२०००० पर्यंत जाऊन बघा.

आता फ्रीज. लाईट गेली, डीपी जळाली, दोन दिवस आली नाही, अशा वेळी प्रायमरीची सगळ्यांना धास्ती वाटते. या अँटीबॉडी आयजीजी जातीच्या असतात, आणि आयजीजी हे चिवट प्रोटीन आहे. बऱ्याच रॅबिट अँटीबॉडी ५० टक्के ग्लिसरॉलमधे येतात, त्या मायनस २० ला गोठतच नाहीत, म्हणूनच अशा कित्येक व्हायलच्या कागदावर अॅलिकोट (छोट्या ट्यूबांत वाटणी) करू नका असं लिहिलेलं असतं. एखादी रात्र फ्रीझर बंद राहिला म्हणून अशी व्हायल सहसा जात नाही. कुरिअरवाल्यानं पार्सल रविवारभर गोदामात ठेवलं आणि जेल पॅक वितळून कोमट हातात आला तरी लगेच फेकायचं कारण नाही, आधी पॉझिटिव्ह कंट्रोलवर (पीटेन नक्की असलेल्या सॅम्पलवर) तपासा. खरा घात होतो तो ग्लिसरॉल नसलेल्या अँटीबॉडीचा, जिला दर वेळी गोठवायचं आणि वितळवायचं चालू असतं. तिचे मात्र आल्या आल्या छोटे अॅलिकोट करून टाका. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमधे तर माणसानं हात न लावताही तापमान वर-खाली होत राहतं, बर्फ साठू नये म्हणून ते मशीनच तसं चालतं, तर अँटीबॉडी थर्मोकोलच्या छोट्या डब्यात, भोवती दोन-चार गोठलेले जेल पॅक लावून, फ्रीझरच्या मागच्या कोपऱ्यात ठेवा. लाईट गेल्यावर दार उघडून बघू नका, बंद दारात थंडावा बराच वेळ टिकतो. आणि व्हायल उघडायच्या आधी काही सेकंद स्पिन करा. १०० मायक्रोलीटरची व्हायल असते, त्यातलं बरंचसं झाकणाला चिकटून बसतं आणि मग "व्हायल संपली" अशी ओरड.

एचआरपीवाल्या सेकंडरीचं असं नाही. ती साधारण ४ डिग्रीला ठेवायची असते, ग्लिसरॉल नसेल तर गोठवली की एन्झाइम खराब होतं. अँटीबॉडी म्हणजे मायनस २०, असं समजून सगळं एकाच डब्यात कोंबू नका.

रात्रभर ४ डिग्रीला रॉकरवर ठेवायचं पण लाईटचा भरवसा नाही, असं असेल तर मेंब्रेन उथळ ट्रेमधे ठेवू नका. रॉकर थांबला की एका कडेला सुकतं आणि सकाळी तिथं काळा पट्टा. त्यापेक्षा छोटी पिशवी सील करा, हवा काढून टाका, थोड्याशा अँटीबॉडीत मेंब्रेन पूर्ण बुडालेलं राहतं, हलवणारं नसलं तरी चालतं. ५ टक्के दुधात ब्लॉक करत असाल तर उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका, आपल्या खोलीत ३८ डिग्रीला दूध लवकर आंबतं, गुठळ्या मेंब्रेनवर बसतात आणि पार्श्वभूमी ठिपक्या-ठिपक्यांची येते. प्रायमरी बीएसएमधे (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमधे) करा, रॅबिट मोनोक्लोनलला बहुतेक तेच सांगितलेलं असतं.

पण सगळ्यात जास्त घोळ मला सॅम्पलमधे आणि बफरमधे दिसतो, आणि तिकडं कुणी बघतच नाही. पीएमएसएफचं उदाहरण घ्या, पेशी फोडताना (लायसिस) प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमना, म्हणजे प्रोटीएजना, रोखायला तो टाकतात. पाण्यात तो टिकत नाही, पीएच ८ ला २५ डिग्रीवर अर्ध्या-पाऊण तासातच निम्मा संपलेला असतो, आपल्या उन्हाळ्यातल्या खोलीत त्याहून लवकर. सकाळी लायसिस बफरमधे टाकलेला पीएमएसएफ दुपारी लायसिस करताना तिथं नसतोच, प्रोटीएज पीटेन खाऊन टाकतात, आणि ५४ चा बँड फिका होऊन खाली दोन-तीन तुकडे दिसायला लागतात. पीएमएसएफ आयसोप्रोपेनॉलमधल्या स्टॉकमधून अगदी लायसिसच्या क्षणी टाका, बफर, स्क्रेपर, ट्यूब सगळं बर्फावर ठेवा. बर्फ कमी पडत असेल तर फॅक्टरीची लादी आणून फोडा, तेही चालतं, पण बर्फाशिवाय लायसिस नको.

ट्रिसचं तर फार कमी जणांना माहीत असतं. ट्रिस बफरचा पीएच तापमानावर लई हलतो, दर डिग्रीला साधारण ०.०२८. म्हणजे २५ डिग्रीला ८.८ केलेला रिझॉल्व्हिंग बफर ३८ डिग्रीला ८.४ च्या जवळ वाचतो. आता एप्रिल-मेमधे एसी नसलेल्या खोलीत कुणी बफर बनवायला बसलं, मीटरवर ८.४ दिसलं की ८.८ पर्यंत आणायचं म्हणून त्यानं आम्ल कमी टाकलं, तर तोच बफर २५ ला ९.१ च्या पुढं जातो. मीटरमधे तापमानाची दुरुस्ती असते खरी पण ती इलेक्ट्रोडची असते, बफरची नाही. मग जेल वेगळं धावतं, बँड पसरतात, मार्करचा हिशोब बिघडतो, आणि दोष अँटीबॉडीला. बफर २५ डिग्रीला आणून मगच पीएच लावा, बाटलीवर तारखेसोबत तापमान पण लिहा. एपीएस (जेल घट्ट करणारं रसायन) ताजं करा, आठवड्यांपूर्वीचं द्रावण चालत नाही, आणि ट्रान्सफरला टँकमधे आइस ब्लॉक ठेवून मधेच एकदा बदला. ट्रान्सफर झाला की पोन्सो (मेंब्रेनवरची प्रोटीन लाल दाखवणारा रंग) लावल्याशिवाय पुढं जाऊ नका. लाल पट्टे सगळ्या लेनमधे सारखे दिसले तरच ब्लॉकिंगला हात लावायचा. दोन मिनिटांचं काम, पण तेवढ्यानं दोन दिवस वाचतात.

पाण्याचंही बघा. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, डिस्टिलेशनच्या काचेवर पांढरा थर बसतो, आणि टंचाईत टँकरचं पाणी आलं की दर वेळी वेगळं. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा लॅबला पाणी मागायचं कुठल्या तोंडानं. ईसीएलच्या आधीचं शेवटचं धुणं आणि ट्रान्सफर बफर तरी चांगल्या पाण्यात करा, बाकीच्या ठिकाणी थोडं इकडंतिकडं चालून जातं. कमी पाण्यात धुवायचं असेल तर एका मोठ्या धुण्याऐवजी थोड्या थोड्या टीबीएसटीनं जास्त वेळा धुवा, निकाल उलट चांगला येतो.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त काळजीची वाटते. बँड येतो, नीट ५४ ला येतो, सगळे खूश, पण तो पीटेनचा आहे कशावरून? याला एकच उत्तर, जेलवर अशी लेन ठेवायची जिथं पीटेन नसतंच. पीसी-३, यू-८७ एमजी, एलएनकॅप, या पेशींत पीटेन प्रोटीन नसतं. हेला, एमसीएफ-७, एचईके-२९३ मधे असतं. पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या) सेल रिपॉझिटरीतून पेशी मागवता येतात. एकदा भरपूर लायसेट (पेशी फोडून काढलेलं सॅम्पल) करून छोटे अॅलिकोट मायनस ८० ला ठेवले की वर्षभर पुरतात, लायसेट एकमेकांना दिलं तरी चालतं, प्रत्येक लॅबनं पेशी वाढवायलाच पाहिजेत असं नाही. प्रत्येक जेलवर एक हेला, एक पीसी-३. दोन लेन गेल्या म्हणून वाईट वाटून घेऊ नका. हेलात बँड, पीसी-३ कोरी, तर अँटीबॉडी नीट. दोन्हीकडं बँड, तर तो पीटेन नाही, काहीतरी भलतंच धरतंय. दोन्ही कोरे, तर वर लिहिलेलं सगळं. त्याच लायसेटवर फॉस्फो-एकेटी (सेरीन ४७३ वर फॉस्फेट लागलेलं एकेटी) ओळखणारी अँटीबॉडी पण लावा. पीटेन नसलेल्या पेशीत ते चढलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या वाटेनं पण खात्री होते. तिथं मात्र तो फॉस्फेट निघू नये म्हणून ऑर्थोव्हॅनेडेट आणि सोडियम फ्लोराइड लागणार, आणि व्हॅनेडेट पीएच १० ला उकळून रंगहीन केलेलंच वापरायचं, पिवळं राहिलं तर काम करत नाही.

आपल्याकडं पीसीआर जास्त लॅबमधे असतं, ब्लॉटिंग कमी, त्यामुळं अजून एक गैरसमज होतो. "पीसीआरला पीसी-३ मधे पीटेन दिसतंय, वेस्टर्नला नाही, म्हणजे अँटीबॉडी खराब." तसं नसतं. ९ नंबरच्या क्रोमोसोमवर पीटेनपी१ नावाचं स्यूडोजीन (जीनची निकामी नक्कल) आहे, त्याचं आरएनए पीटेनशी इतकं जुळतं की साध्या प्रायमरला तेच सापडतं, पण त्यापासून पीटेन प्रोटीन बनत नाही. इथं अँटीबॉडी खरं बोलतेय, प्रायमर बदला.

इम्युनोप्रेसिपिटेशन (आयपी, म्हणजे अँटीबॉडी लावलेल्या बीड्सनी प्रोटीन ओढून काढणं) करणाऱ्यांचा तर ठरलेला सापळा आहे. रॅबिट अँटीबॉडीनं पीटेन ओढायचं आणि परत रॅबिट अँटीबॉडीनंच ब्लॉट करायचं, म्हणजे सेकंडरीला बीड्सवरून सुटलेली अँटीबॉडीची हेवी चेन (तिचा मोठा तुकडा, लहान तो लाइट चेन) दिसते, आणि ती ५० च्या आसपास, अगदी पीटेनला खेटून. भलामोठा जाड बँड येतो आणि सगळ्यांना वाटतं आयपी जमली, नुसत्या रॅबिट आयजीजीच्या लेनमधे पण तो येतो हे कुणी बघत नाही. उपाय असे की एका पायरीला माऊस आणि दुसरीला रॅबिट वापरा, नाहीतर फक्त लाइट चेन ओळखणारी सेकंडरी घ्या, ती २५ ला जाऊन बसते आणि ५४ मोकळं राहतं. अँटीबॉडी बीड्सवर क्रॉसलिंक करता येते पण त्यात थोडी अँटीबॉडी वाया जाते, पैसे कमी असतील तर माऊस-रॅबिटचीच जोडी बरी. याच कारणानं लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमधे सारखं प्रोटीन टाकलंय हे दाखवणारं) म्हणून ट्युब्युलिन नको, ते पण ५० ते ५५ लाच असतं. ४२ चं ॲक्टिन किंवा ३७ चं जीएपीडीएच घ्या.

५४ ला एकाऐवजी दोन जवळजवळ बँड दिसले तर सॅम्पल बफरमधलं बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल किती जुनं ते बघा. पीटेनमधे ७१ आणि १२४ नंबरच्या सिस्टीनमधे ऑक्सिडेशननं डायसल्फाइड बनतं आणि रिड्यूस न झालेलं पीटेन जरा खाली धावतं. ताजं डीटीटी (तेही मर्कॅप्टोइथेनॉलसारखं डायसल्फाइड तोडतं) टाकून, नीट उकळून परत जेल चालवा, बँड एक झाला तर कारण तेच होतं. आणि ७५ च्या आसपास काही दिसलं तर लगेच कचरा म्हणू नका, पीटेन-लाँग नावाचं ५७६ अमिनो ॲसिडचं रूप आहे. पण पीसी-३ मधेही तिथंच बँड असेल तर मात्र तो कचराच.

टिश्यूवर आयएचसी (अँटीबॉडीनं टिश्यूचे काप रंगवणं) करणाऱ्यांसाठी एवढंच, ट्यूमरमधे रंग नाही म्हणून पीटेन गेलं असं लिहू नका जोपर्यंत त्याच स्लाइडवर स्ट्रोमा आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी रंगलेल्या दिसत नाहीत. त्याही कोऱ्या असतील तर रिट्रीव्हल (रंगवण्याआधी प्रोटीन अँटीबॉडीसाठी उघडं करणं) तरी चुकलंय नाहीतर सेक्शन कापून फार दिवस ठेवलेत. सी-टर्मिनलवाली अँटीबॉडी असेल तर शेंडा तुटलेलं म्युटंट तिला दिसणार नाही, हे पण पेशंट सॅम्पलवर काम करताना लक्षात असू द्या.

हे सगळं करूनही हेलामधे बँड नसेल, पोन्सो चांगलं, डॉट (वरची थेंबांची तपासणी) चांगला, ईसीएल चांगलं, शेजारच्या लॅबच्या व्हायलनं त्याच लायसेटवर बँड येतोय आणि तुमच्याच व्हायलनं येत नाही, तर मग खरंच व्हायल खराब आहे, आणि तेव्हा कंपनीला हक्कानं लिहा. नुसतं "अँटीबॉडी चालत नाही" असं लिहिलं तर उत्तर येतं की प्रोटोकॉल तपासा. लॉट नंबर द्या, व्हायल हातात आली ती तारीख आणि तेव्हा जेल पॅक कसा होता ते लिहा, न कापलेल्या पूर्ण मेंब्रेनचा फोटो मार्करसकट, त्याच मेंब्रेनचा पोन्सोचा फोटो, कोणत्या लेनमधे किती मायक्रोग्रॅम प्रोटीन, सेकंडरीचं नाव आणि डायल्यूशन, आणि दुसऱ्या व्हायलचा ब्लॉट शेजारी लावून. ईमेल गाईडच्या नावानं जाऊ द्या आणि डिस्ट्रिब्युटरला कॉपीत ठेवा, नाहीतर तो म्हणतो आमच्याकडं काही आलंच नाही. पार्सल आल्या आल्या उघडतानाचा फोटो काढून ठेवायची सवय लावा, बदली व्हायल मागताना तोच फोटो सगळ्यात कामाला येतो.